डावी बाजू

"बुवा, तुमच्या पंक्तीतसुद्धा डावं-उजवं चालतं का?"

हैबतीनं वरवंटा आपटूनच विचारलं. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. मठात कडुनिंबाची चटणी वाटायचं काम हैबतीचं आणि श्रीखंडाचं गोंदाचं. दोघंही कान्होबुवांचे शिष्य.

"काय झालं?"

"गोंदाचं श्रीखंड पानात उजवीकडं. माझी चटणी डावीकडं, मिठाशेजारी. त्याला लोक हाका मारून बोलावतात आणि मी दिसलो की पानावर हात आडवे धरतात! वाढलीच, तर तशीच टाकून उठतात."

"पानाला डावी बाजू असतेच की रे."

"मग ती गोंदाला द्या! नाहीतर चटणी बंदच करा. कुणालाच नको, तर पंक्तीत आणायची कशाला?"

चटणीशी त्याचं काही वाकडं नव्हतं हो. गोंदाच्या नावानं 'वा!' ऐकू आलं, की ह्याच्या पोटात दुखायचं. जळायचा नुसता!

बुवांनी पाट्यावरची चटणी बोटावर घेऊन चाखली.

"उद्या तुला हवी तिथं वाढ."

दुसऱ्या दिवशी हैबतीनं चटणी वाढली ती थेट उजवीकडं, श्रीखंडाला खेटून. लोकांनी सवयीनं आधीच तोंडं वाकडी केली. बोट चाटलं आणि बघतच राहिले.

"अरे, इकडं आण!"

"अहो चटणीवाले, विसरलात का आम्हाला?"

हैबती पंक्तीतून मिरवत होता. गोंदाच्या पातेल्यात अजून श्रीखंड शिल्लक होतं, ते त्यानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहून घेतलं. इतक्या वर्षांनी त्याच्या जिवाला गारवा मिळाला.

पंक्त उठली. घाम पुसत गोंदा आला.

"हैबती, माझ्यापुरती चटणी ठेवलीस ना? सकाळपासून श्रीखंड चाखून चाखून तोंड गोडमिट्ट झालंय. तुझं कडू जिभेवर पडल्याशिवाय मला पाडव्याचं जेवण जात नाही बाबा."

हैबतीनं वाटी पुढं केली.

गोंदानं बोट चाटलं... पुन्हा चाटलं...

"अरे, हा तर गूळ आहे!"

हैबतीची मान खाली गेली. ज्याच्यावर जन्मभर जळलो, तोच एकटा आपल्या चटणीची वाट बघत होता, हे आता त्याला कळलं. लाज वाटली त्याला.

बुवा उठले. पाट्यामागं कडुनिंबाचा डहाळा न वाटलेला, तसाच पडून होता. तो त्यांनी उचलला. हैबतीचं पान अजून मांडलेलंच होतं. त्या पानाच्या रिकाम्या डाव्या बाजूला बुवांनी डहाळा ठेवला.

"चुकलो बुवा... पण लोकांनी मागून घेतली हो!"

"घेतली ना. आज दोघांनीही श्रीखंडच वाढलंत... मग कडू कुणी वाढायचं, हैबती?"