तळहाताएवढी काच

"...मग काय, नुसता हात जोडून बसू?"

छेवांगच्या हातात उकळत्या पाण्याची किटली होती. समोर गोंपाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, भिंतीला टेकवलेलं सोलर पॅनल. वरचा भुसभुशीत बर्फ त्यानं झाडून काढला होता. काचेला चिकटलेला पापुद्रा मात्र हटत नव्हता. गावात दुसरी वीज नाही, आणि त्याचा फोन बंद पडलेला.

मी पॅनलचा व्यापारी. बर्फानं खिंड बंद झाली, म्हणून तिथंच अडकलो होतो. सांगलीत एका वहिनींनी पॅनलवर कुरडया वाळत घातल्या होत्या, तेव्हा मी हसून सोडून दिलं. पण गारठलेल्या काचेवर उकळतं पाणी? तडा ठरलेलाच! ओरडणार, तेवढ्यात म्हातारे लामा उठले. सगळं गाव त्यांना मेमे म्हणतं, म्हणजे आजोबा.

त्यांनी उघडा तळहात काचेवरच्या बर्फावर टेकवला.

"ओत."

"हात काढा, मेमे."

"का रे? चंदीगडला वीजकाम शिकून आलास ना? ओत की."

"भाजेल तुम्हाला!"

"आणि काचेला?"

छेवांगनं किटली खाली ठेवली.

"आई खिंडीपलीकडं दवाखान्यात आहे, मेमे..."

"ठाऊक आहे. परवा बोललास ना तिच्याशी?"

"बोलता बोलता बॅटरी गेली."

"काय सांगायचं राहिलं?"

"सांगायचं काही नव्हतं. 'जेवलीस का' म्हणून विचारलं... उत्तर ऐकूच आलं नाही."

मेमेंनी हात काढला नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी तो उचलला. लालबुंद झाला होता. खाली तळहाताएवढी काळी काच उघडी पडली होती.

"एवढ्यानं काय होणार?" छेवांग म्हणाला.

ऊन आलं की तेवढी काळी काच तापते आणि बाकीचा बर्फ आपणहून घसरतो. हे मलाही माहीत होतं, त्यालाही. पण आभाळ राखेसारखं होतं.

"ऊन कधी पडेल, मेमे?"

मेमेंनी त्याचा हातमोजा काढला. त्याचा तळहात आपल्या खुणेशेजारी, बर्फावर ठेवला.

छेवांग कळवळला. "किती वेळ?"

"तीही तिकडं उत्तर घेऊन बसली असेल... राहू दे हात."