काजळीची ओली जागा

"मग महाराज, औषध खोटं की डॉक्टरीणबाई खोट्या?"

अच्युत तावातावाने विचारत होता आणि त्याच्या पायाशी काजळी पडून होती. वाघझरीच्या टेकडीवरच्या भैरवनाथाच्या मठातली ही काळी कुत्री. पिल्लू असताना आली, अच्युतच्या ताटातलं खाऊन वाढली. आता तिच्या फासळ्या लांबूनही दिसत होत्या.

धुंडिनाथ महाराज ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय झालं?"

"पुन्हा तेच. डांबरासारखं काळं हगते. हिरड्या पांढऱ्याफटक. गुरांच्या दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, अंकुशकृमी आहेत, आकड्याच्या तोंडाचे जंत. आतड्याला लटकून रक्त पितात. गोळी दिली, रक्तवाढीचं औषध दिलं. ती उठली, शेपूट हलवायला लागली. आणि आता बघा. बाई म्हणतात, अंगात रक्तच उरलं नाही. या खेपेला सावरली नाही तर..."

तो खाली बसून तिचे कान कुरवाळू लागला.

अच्युत हा मठातला सगळ्यांत कडक शिष्य. घाटाखालच्या भिक्षुक घराण्यातला. स्तोत्रं खडखडीत पाठ आणि मान कायम दोन बोटं वर. नाथांच्या मठात सोवळ्याला कोण विचारतो? पण हा आपलं सोवळं पडशीत बांधून घेऊन आला होता. काजळीवर मात्र त्याचा खरा जीव. काळी कुत्री म्हणजे भैरवाचं वाहन. रोज सकाळी तो आधी तिच्या कपाळाला विभूती लावायचा, मग स्वतःच्या.

"मला मंत्र द्या महाराज. भैरवाचा उग्र मंत्र. अन्नपाणी सोडून जप करतो, पण ही वाचली पाहिजे."

महाराजांनी अडकित्ता खाली ठेवला.

"कुत्री निजती कुठं?"

"देवळामागे. तीर्थाच्या जागी."

"दाव."

दोघे देवळामागे गेले. गाभाऱ्यातल्या अभिषेकाचं पाणी तिथे दगडी पन्हळीतून बाहेर पडतं. पूर्वी ते चरातून नारळाच्या मुळाशी जायचं. अच्युतने तो चर बुजवला. देवाच्या अंगावरचं तीर्थ झाडाला कशाला, वाहनाला मिळू दे! त्याने पन्हळीखालीच काजळीला जागा करून दिली होती आणि ऊन लागू नये म्हणून वर पत्रा घातला होता.

तिथली माती बारा महिने ओली. दूध, मध, पाणी सगळं तिच्यात मुरलेलं. आजूबाजूला कुत्रीची घाण पडली होती, ताजीच्या खाली शिळी. अच्युत धोतर सावरत तिच्यातून अचूक वाट काढत गेला. रोजची सवय होती.

"डाक्तरीणबाईंनी काय काय सांगितलं व्हतं?"

"गोळी द्यायला."

"आणि?"

"काही दिवसांनी पुन्हा गोळी. तीही दिली."

"आणि?"

अच्युत पन्हळीकडे बघू लागला. "जागा कोरडी ठेवायची म्हणाल्या. उन्हातली. जंतांची अंडी विष्ठेतून पडतात, ओल्या मातीत त्यांच्या अळ्या होतात आणि पायातून परत अंगात शिरतात म्हणे. पण त्यांना काय ठाऊक, ही जागा कसली आहे! तीर्थात कसल्या अळ्या?"

"आणि?"

अच्युतने धोतराचा सोगा आणखी वर खोचला.

"आणि, रं?"

"घाण रोजच्या रोज उचलायची." त्याचा आवाज एकदम खाली आला. "पण मी सोवळ्यात असतो महाराज. अभिषेक मलाच करायचा असतो."

धुंडिनाथ महाराज हसले. त्यांचं हसणं मोठं होतं, देवळावरची कबुतरं उडाली.

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला देणाऱ्या माणसाला आपण येडा म्हणतो. तू त्याच्यावर ताण केलीस. रोग पखालीत हाय, आणि औषध पाजतोयस रेड्याला."

अच्युतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तीर्थाला तुम्ही रोग म्हणता?"

महाराजांनी काठीच्या टोकाने त्याच्या पावलाला डिवचलं.

"पाय वर कर."

पावलाच्या कडेला एक लाल, वाकडीतिकडी रेघ उठली होती.

"ह्ये काय?"

"खाज आहे थोडी. अनवाणी असतो, खडा बोचला असेल."

"खडा चालतो व्हय?"

अच्युतने पाय खाली ठेवला. ती रेघ परवा करंगळीजवळ होती, आज टाचेकडे निघाली होती. हे त्याने पाहिलं होतं, फक्त कोणाला सांगितलं नव्हतं.

"म्हंजी तीर्थ तुलाबी पावलं म्हणायचं," महाराज म्हणाले.

काजळी मागोमाग कशीबशी आली होती. आपल्या जागेवर, त्या ओल्या मातीत, ती पुन्हा मुटकुळं करून बसली आणि पंजा चाटू लागली.

अच्युत तिच्याकडे बघत राहिला.

"रोज अशीच चाटते," तो हळूच म्हणाला. "मला वाटायचं, तीर्थ घेते..."

बोलता बोलता त्याला रडू फुटलं. चांगला मोठा दाढीवाला माणूस, हमसून हमसून रडला.

महाराजांनी समजूत घातली नाही. भिंतीला फावडं टेकवलेलं होतं, ते घेतलं, लुंगी खोचली आणि वाकून पहिली घाण स्वतः उचलली.

"महाराज! तुम्ही नको!"

"मंतर मागत व्हतास न्हवं?" महाराजांनी फावड्याचा दांडा त्याच्या हातात दिला. "ह्यो घे."

अच्युतच्या अंगावर अभिषेकाचा रेशमी मुकटा होता. तो बदलायलासुद्धा तो थांबला नाही.

त्याने आधी काजळीला उचलून उन्हात फरशीवर ठेवलं. मग सगळी घाण लांब खड्ड्यात पुरली. बुजवलेला चर उकरून काढला, तेव्हा पाणी नारळाकडे असं धावलं की जणू वाटच बघत होतं. वरची काळी माती खरवडली, पत्रा उपटला, मुरूम आणून ठोकून बसवला. संध्याकाळी मुकट्याचा रंग कोणता होता हे सांगणं अवघड होतं.

डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. काजळीला गोळी मिळाली, माणसांच्या दवाखान्यातून अच्युतलाही मिळाली. मागच्या अंगणात तो चपला घालून जाऊ लागला. ज्याने जन्मात अंड्याला बोट लावलं नव्हतं, तो अंडी फोडून तिच्या भाकरीत कुस्करू लागला. आणि रोज, अभिषेकाच्याही आधी, फावडं. मग आंघोळ, मग देव.

तरी काजळी काही दिवस तशीच पडून राहिली. गोळ्या वेळेवर, जागा खडखडीत कोरडी, आणि कुत्री मात्र हलेना. अच्युत रोज भीत भीत तिचा ओठ वर करून बघायचा. पांढरं. पांढरं...

एक दिवस गुलाबी.

तो फावडं टाकून महाराजांकडे धावत सुटला. नुसता स्वतःच्या हिरड्या दाखवत उभा राहिला. महाराजांनी त्याला गूळ खायला दिला.

कालाष्टमीला टेकडीवर गर्दी लोटली. आरतीला महाराजांनी हरणाच्या शिंगाची सिंगी फुंकली. पूर्वी सिंगी वाजली की काजळी तोंड वर करून सूर धरायची. आजारात ते बंदच पडलं होतं, आणि सिंगीचा आवाज एकटा एकटा वाटायचा.

आज ती गर्दीतून वाट काढत थेट दीपमाळेपाशी आली. काळी कुळकुळीत, भरलेल्या अंगाची. चारी पाय रोवले, मान वर केली, आणि अशी आरोळी दिली की सिंगी तिच्यात बुडून गेली.

"भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!"

सगळी टेकडी ओरडली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. वाघझरीचे पाटील देवाचा हार घेऊन पुढे आले, तो त्यांनी सरळ अच्युतच्या गळ्यात घातला.

"बुवा, ह्यी तुमची पुण्याई! मेलेली कुत्री उठवलीत!"

"छे छे," अच्युत म्हणाला. "मी कोण? मी आपला साधा फावडं चालवणारा." लोक आणखीच भारावले. कोणी त्याच्या पाया पडू लागलं. त्याने डोळे अर्धवट मिटले. मान हळूहळू दोन बोटं वर गेली.

तेवढ्यात काजळीने दीपमाळेला एक फेरी मारली, जागा हुंगली, आणि भर गर्दीत, पाटलांच्या कोऱ्या चपलांशेजारी, निवांत बसली. उठली तेव्हा मागे जे होतं ते तपकिरी, घट्ट, निरोगी होतं.

धुंडिनाथ महाराज पुढे झाले. त्यांनी आधी काजळीच्या पाठीवर हात फिरवला, मग शिष्याच्या गळ्यातला हार नीट केला. त्यांच्या डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

"अच्युता... फावडं कुठं हाय?"