चुन्याची बोट

मुंबईच्या स्वयंसेवकांचं आरमार नवंनवंच उभं राहिलं होतं, पण त्यांची बोट म्हणजे मैदानात बोटीच्या आकारात आखलेली चुन्याची रेघ! तिच्या आत बसून सगळे हवेतच वल्ही मारायचे. नेटिव्हांच्या हाती खरी बोट द्यायला कॅप्टन हार्डविक काही केल्या तयार नव्हता. "रेघेबाहेर समुद्र! पाय बाहेर पडला, तो बुडाला," असं बजावून तो चुकणाऱ्याला सरळ घरी पाठवायचा. वकिली सांभाळून कवायतीला येणारे रघुवीर विजयकर हे सारं ऐकून घेत.

एकदा खुद्द अ‍ॅडमिरल पाहणीला आले. त्यांच्या स्वागताला हार्डविक ऐटीत पुढे सरसावला, तो थेट रेघेबाहेर!

"माणूस पाण्यात!" विजयकर ओरडले. साऱ्यांची वल्ही थांबली.

"चेष्टा पुरे! सलामी द्या!" हार्डविक खेकसला. कोणी हललं नाही.

"हुकूम का मानत नाही?" अ‍ॅडमिरलनी दरडावलं.

"मानतोय ना, साहेब," विजयकर म्हणाले. "रेघेबाहेर समुद्र, हा कॅप्टनसाहेबांचाच हुकूम. त्यांना वाचवायला आम्ही केव्हाचे तयार आहोत, पण काय करणार? चुन्याची बोट जागची हलत नाही!"

अ‍ॅडमिरल पोट धरून हसले. मग हाताखालच्या अधिकाऱ्याला म्हणाले, "उद्याच यांना बोट द्या. आणि हार्डविक, तोवर पोहत राहा."