रिकामं बासन

“किडा कुणी सोडला?” इथूनच सुरू करायची ना? दर वेळी कुणी पाहुणा आला की मला पकडता. चुलीवरचं वरण उतू गेलं तरी चालेल, पण म्हाताऱ्यानं गोष्ट सांगायची. बरं. ऐका, आणि मधे तोंड घालू नका.

तर सारंगनं भर पंगतीत विचारलं, “किडा कुणी सोडला?”

सारंग म्हणजे मठातला नवा शिष्य. कॉम्प्युटर शिकून आलेला. मठातल्या जुन्या पोथ्यांचे फोटो त्यानं दोन वर्षं खपून कॉम्प्युटरात भरले होते. त्या सकाळपासून पडद्यावर लाल चौकट नाचत होती. चारशे सतरा व्हायरस सापडले म्हणे. कार्डाचा नंबर भरा, अँटिव्हायरस घ्या, नाहीतर संध्याकाळी सगळं पुसलं जाईल.

“गोमाजींनी काल, मंगळवारी, पेनड्राइव्ह लावला,” सारंग म्हणाला. “भजनं भरून घ्यायला. चौथी नापास माणूस यंत्राजवळ गेला की असंच व्हायचं.”

गोमाजी म्हणजे मठाचा आचारी. वरणाची बादली घेऊन उभा. तीस वर्षं पोथीघराची किल्ली त्याच्या कमरेला होती. सारंगनं ती सगळ्यांदेखत मागून घेतली. गोमाजीनं दिली. पंगतीतल्यांनी माना खाली घातल्या.

महंत भानुराजबाबांनी जेवण संपवलं, हात धुतले आणि पोथीघरात गेले. गोमाजी दाराबाहेरच थांबला. किल्ली नाही तर आत कुठल्या तोंडानं जायचं?

“कार्ड द्या, बाबा. वेळ नाही,” कॉम्प्युटरसमोर बसलेला सारंग म्हणाला.

“या चौकटीनं किती वेळ तपासलं?”

“दहा सेकंद.”

“अकरा हजार पानं?”

“यंत्र आहे, बाबा.”

“हं…”

बाबांनी फडताळातून एक बासन काढलं. पोथी गुंडाळायचं लाल फडकं हो. सारंगच्या मांडीवर उलगडलं. आत पोथी नव्हती.

“यातली कसर काढ.”

मठात दर वैशाखात पोथ्या उन्हाला काढतात आणि पान न् पान उलटून कागद खाणारी कसर शोधतात. एका पोथीला तीन दिवस जातात. गोमाजीच्या बोटांना ते ठाऊक. सारंगला फोटो ठाऊक.

“पोथीच नाही, तर कसर कुठली?”

“मला काय सांगतोस? त्याला विचार.” बाबांनी पडद्याकडे हनुवटी केली.

सारंगनं एकदा रिकाम्या बासनाकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे.

मग त्यानं खणातून कोरा पेनड्राइव्ह काढला. दातानं पाकीट फाडलं. लावला. चौकटीला म्हणाला, तपास.

दहा सेकंद. दोनशे बारा व्हायरस.

“कोऱ्यात?” सारंगनं पेनड्राइव्ह काढून उलटसुलट पाहिला.

दाराबाहेर गोमाजी हसला. तोंडात फडकं कोंबून, पण पोटभर हसला.

सारंगचा हात माउसवर गेला. चौकटीच्या कोपऱ्यात ‘बंद करा’ असं बटण होतं. बाबांनी त्याचं मनगट धरलं.

“ते बटण कुणी लावलंय?”

“…त्यानंच.”

“मग?”

सारंगनं नेटची वायर उपसली. मशीन बंद करून सेफ मोडमध्ये उघडलं. त्यात गरजेपुरतंच जागं होतं, आगंतुक झोपून राहतात. प्रोग्रॅमांची यादी त्यानं तारखेप्रमाणे लावली. सगळ्यात वर तोच भामटा.

तारीख सोमवारची.

सोमवारी सारंगनं नेटवरून फुकटचा फॉन्ट उतरवला होता. अक्षर किती देखणं आहे, हे पंगतीत त्यानंच ऐकवलं होतं.

त्या फॉन्टच्या पाठीवर बसूनच भामटा आत आला होता.

सारंगनं भामट्याला काढलं. फॉन्टही काढला. मशीन पुन्हा सुरू करून त्यातल्याच खऱ्या अँटिव्हायरसला सगळं तपासायला लावलं. तो अडीच तास बसला. मधेच सारंग म्हणाला, “फार वेळ लावतोय.” बाबा म्हणाले, “म्हणून तर बरा वाटतोय.”

एक पिल्लू सापडलं. तेही गेलं. चौकट पुन्हा आली नाही. अकरा हजार पानं जागच्या जागी.

“गेला, बाबा. मुळासकट,” सारंग म्हणाला. नाचायचाच काय तो बाकी होता.

बाबांनी टेबलावरची किल्ली उचलली आणि स्वतःच्या हातानं गोमाजीच्या कमरेला बांधली. “वैशाख जवळ आलाय.”

त्या संध्याकाळी गोमाजीनं शिरा केला. असं तूप सोडलं की वास वेशीपर्यंत गेला. पंगतीत ज्यांनी मान खाली घातली होती, त्यांनी मान वर करून खाल्ला. सारंगनं तीनदा मागून घेतला, हात धुतला आणि पंगतीतल्या त्या शब्दांबद्दल काही न म्हणताच निघून गेला.

नंतर बाबा स्वयंपाकघरात आले. ते रिकामं बासन त्यांनी चुलीजवळच्या खुंटीला अडकवलं. सात वर्षं झाली, धुरानं काळं पडलंय, पण तिथंच आहे, अजून रिकामंच. ते बघा.

“राहू दे इथे, गोमाजी,” बाबा म्हणाले. “सारंगला यात काहीतरी ठेवायचंय.”