तिवरं वाचवायची सभा

फार पूर्वी एका खाडीचं पाणी दरवर्षी वर चढू लागलं, म्हणून खेकड्यांच्या सरपंचाने काठावरची तिवरं वाचवायला सभा भरवली. पाहुणा म्हणून बगळ्याला बोलावलं.

म्हातारी चिंबोरी मागे बसून मांडव न्याहाळत होती. तिने विचारलं, "सरपंच, एवढं लाकूड आणलंत कुठून?"

"आपल्याच काठाचं, मावशी. सगळी तिवरं तोडली, तेव्हा कुठे पुरलं."

ती उठली आणि तोडलेल्या तिवराच्या एका खुंटाजवळ जाऊन बसली.

भाषणं रंगात असतानाच उधाण आलं. पाणी अडवायला झाड नव्हतं, काठ बिळांसकट वाहून गेला. मांडव तेवढा तरंगला, वर सरपंच आणि बगळा. चिंबोरी त्याच खुंटाला धरून राहिली.

"मावशी, आभारप्रदर्शन राहिलं," सरपंच ओरडला.

"उरका की," चिंबोरी म्हणाली. "पाहुणे शेजारीच आहेत, आणि त्यांचं जेवण व्हायचंय."