बाप छपरावर का चढतो

खरं बोलणाऱ्या बाईवर कोणी विश्वास ठेवला नाही, म्हणून या गावात आज बापाला छपरावर चढावं लागतं. पाव्हणे बघतात आणि हसतात. आत मूल रडतंय, नाळ अजून कापलेली नाही, आणि बाप माकडासारखा झावळ्यांवर बसून त्या दिवसाचं नाव ओरडतोय. खुशाल हसा. पण आधी तो समोरचा डोह बघून घ्या. ही रीत त्याच्यातून वर आली आहे.

फार जुनी गोष्ट सांगतात. माया लोकांचा हा मुलूख तेव्हाही असाच होता. वर चुनखडी, नदीचा पत्ता नाही, पाणी तेवढं जमीन खचून झालेल्या डोहांत. वर्षाचे महिने अठरा, महिन्याचे दिवस वीस, आणि शेवटी उरायचे पाच दिवस. ते पाच कुठल्याच महिन्याचे नव्हते. त्यात चूल थंड, केस धुवायचे नाहीत, कोणाला हाक मारायची नाही. माणसाला नाव मिळायचं ते जन्मदिवसाचं. त्या पाचांत जो जन्मला त्याला नाव नाही. आणि दिवस बदलायचा सूर्य बुडाला की.

इश्कानला कळा सुरू झाल्या त्या पाच दिवसांच्या आदल्या दिवशी. सासू किमी गावची सुईण. ती दिवस मोजणाऱ्या चुवेनच्या अंगणात चूल थंड होण्याआधीच्या शेवटच्या जेवणाला बसलेली, मधाच्या दारूत. नवरा कावाक आईला आणायला निघाला, आणि इश्कान एकटीच मोकळी झाली. मुलगी झाली. दारातून दिसणाऱ्या सावरीच्या शेंड्यावर तेव्हा ऊन होतं, पिवळं, मावळतीचं, पण ऊनच. दिवस होता लामत, पहाटेच्या मोठ्या ताऱ्याचा दिवस. म्हणजे पोरीचं नाव लामत.

सासू आली ती अंधार पडल्यावर, मशाल घेऊन. तिनं नाळ कापली आणि गावाला सांगितलं, "मशालीच्या उजेडात काढली मी. पाचातली आहे."

"आत्या, सावरीवर ऊन होतं," इश्कान म्हणाली.

"बाळंत होणारीला काय वाट्टेल ते दिसतं. मला तर कावाकच्या वेळी माझी मेलेली आई दिसली होती, पोळ्या थापताना."

बाया हसल्या. इश्कानने नवऱ्याकडे बघितलं. तो कुऱ्हाडीचा दगड घासत बसला होता. "आई सांगते तेच खरं," तो म्हणाला, मान वर न करता.

तेव्हापासून ती पोर पाचातली. इश्कान दर सणाला, दर पंचायतीत उभी राहायची आणि तेच सांगायची, ऊन होतं. लोक म्हणायचे, आली ऊनवाली. घरात कोणी नसलं की ती पोरीला लामत म्हणायची. बाहेर पोर कशालाच ओ देत नसे, कारण तिला कोणी हाकच मारत नसे.

आता हा पहाटेचा तारा असा आहे, की आठ वर्षांनी फिरून त्याच दिवसांत उगवतो. काही दिवस दिसेनासा होतो आणि पहाटे पहिल्यांदा वर येतो तेव्हा हातात भाला घेऊन येतो म्हणे. कधी म्हाताऱ्यांवर फेकतो, कधी मक्यावर, कधी पाण्यावर. पोर आठ वर्षांची झाली तेव्हा चुवेनने झाडाच्या सालीची पोथी उलगडली आणि सांगितलं, यंदा तो नेमका पाचांत उगवणार, त्याला आधीच काहीतरी द्यावं लागेल, ती पाचातली पोर डोहात द्या.

इश्कान त्याच्या पायावर पडली. चुवेन काही चिडला नाही. समजावून सांगावं तसा म्हणाला, "अगं, तिला गाव मोजतच नाही. जे मोजलेलंच नाही ते दिलं, तर कमी काय होणार?"

त्या पहाटे चार बायांनी इश्कानला घरात दाबून धरलं. त्यातली एक तिची सख्खी जाऊ. पोरीला ओढावं लागलं नाही. बापानं तिला सांगितलं होतं, डोहावर गेलं की तुला नाव देणार. पाचांत कोणी केस धुवत नाही, पण तिचे धुतले, पिसं माळली. ती बापाच्या खांद्यावर बसून गेली. वाटेत विचारत होती म्हणे, "बा, मोठं नाव देतील की लहान?" इश्कानला हे आतून ऐकू येत होतं.

तारा उगवला, लालभडक. आणि भाला मक्यावरच पडला. दाण्यावर आलेली कणसं उभ्याउभ्या काळी पडली. चुवेन पोथी बघून म्हणाला, दिलेली वस्तू खोटी निघाली, तिला नाव होतं.

सगळं गाव किमीच्या दारात आलं. म्हातारी चटईवरून उठली नाही.

"मला काय विचारता? मी पिऊन पडले होते. हा कावाक मला बोलवायला आला तोच अंधारात. वाटेला लागला तेव्हाच पोरीचं रडणं ऐकलं होतं यानं, आणि आता मी उशिराच ठरणार म्हणून अंधार पडेपर्यंत कुंपणाशी बसून राहिला. मला उठवून म्हणाला, सुईण वेळेला नव्हती कळलं तर तुला कोणी दारात उभं करणार नाही. अंधारात झाली म्हणून सांग."

लोकांनी दगड उचलले. इश्कानने अडवलं. ती नवऱ्यासमोर गेली.

"ऊन कुठं होतं?"

कावाकने सावरीकडे बघितलं. मग म्हणाला, "सावरीवर."

"आठ वर्षांत एवढाच शब्द हवा होता मला," इश्कान म्हणाली. "याला मारू नका. मेला की गप्पच बसेल. याला छपरावर चढवा."

रोज सूर्य बुडायच्या आत तो चढायचा आणि त्या दिवसाचं नाव गावाला ऐकू जाईल असं ओरडायचा. ती खाली उभी राहून ऐकायची. आवाज बसला तरी तिनं उतरू दिलं नाही. घशातून रक्त आलं तरी नाही. एका लामतच्या दिवशी त्याचं तोंड नुसतंच उघडं राहिलं आणि तो तिथंच बसल्या जागी गेला, असं सांगतात.

आजही मूल झालं की बाप वर चढतो आणि दिवसाचं नाव तीनदा ओरडतो. मग खालून सुईण विचारते, त्या दिवशी ऊन कोणी पाहिलं आणि तोंड कोणी मिटलं? उत्तर आल्याशिवाय ती नाळेला हात लावत नाही. आई आत वाट बघत असते. बाप वरून थुंकतो आणि सांगतो, कावाक.