रिकामी बिळं

"मुळी तीच, माप तेच. मग पोर पुन्हा आडवी का होते, बाबा?"

ठाकरवाडीचे म्हातारे वैदू पदूबाबा अंगणात कुडाच्या भिंतीसाठी कारवीच्या काठ्या निवडत होते. विचारणारा बुधाजी त्यांचा चेला, अकरा वर्षं त्यांच्या मागे रान हिंडलेला. बाबांपेक्षा आपल्याला दोन झाडं जास्तच ठाऊक आहेत, असं तो हल्ली चार माणसांत सांगायचा. बाबांच्या कानावर ते आलं होतं. ते हसले होते एवढंच.

पण गेला महिनाभर बुधाजीच्याच नामीला उलट्या होत होत्या. सहा वर्षांची पोर पार वाळून गेली होती. मुळी दिली की दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दवाखान्यातली बाटलीही संपली होती. बुधाजी फार घाबरला होता, पण तसं म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती.

"वाडीत आणखी कुणाला?" बाबांनी विचारलं.

"चार पोरांना."

"पाणी?"

"डवऱ्याचं. सगळ्यांचं तेच."

बाबा उठले आणि ओहोळाकडे चालू लागले.

ओहोळाच्या वाळूत खड्डा उकरून डवरा केलेला. अख्खी वाडी त्यातलंच पाणी पिते. बाबा तिथे उकिडवे बसले आणि शेजारच्या खेकड्याच्या बिळात त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. बाहेर काढला तेव्हा मुठीत नुसता चिखल होता.

दुसऱ्या बिळातही चिखलच.

"बाबा, पोर तिकडं तळमळते, आन् तुला कालवण सुचतंय?"

म्हातारा ऐकेल तर शपथ. ओहोळ धरून तो वर निघाला. बीळ दिसलं की बसायचा, हात घालायचा, उठायचा. धुण्याच्या दगडापाशी काही नाही. उंबराच्या मुळाशी काही नाही. मागे बुधाजी मनातल्या मनात चरफडत होता. म्हातारपणी बाबांचं डोकं चालेनासं झालं, असंही त्याला वाटून गेलं.

बुधाजीच्या भाताच्या खाचरापाशी बाबा थांबले. बांधावरचं गवत जळाल्यासारखं तांबूस झालं होतं.

"तणाची बेणणी केली न्हाय यंदा?"

"महिन्यामागं तणनाशक मारलं. आठ दिवसांचं काम दोन तासांत." बुधाजीचा आवाज जरा चढलाच.

"पंप कुठं धुतला?"

"हितंच. ओहोळात."

खाचर मागे टाकून बाबा कड्याखालच्या कपारीपर्यंत चढले, गुडघे टेकून बसले आणि त्यांनी तिथल्या बिळात हात सारला.

त्यांचं सगळं अंग एकदम ताठ झालं.

खेकड्याने बोट धरलं होतं. मनगटावरून रक्ताचा ओघळ पाण्यात उतरला. बाबांनी हात ओढला नाही. डोळे मिटून ते तसेच बसून राहिले, आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. एखादं पोर मरणाच्या दारातून परतलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा. बुधाजीने तो अकरा वर्षांत दोनदाच पाहिला होता.

आपण कुणापुढे उभे आहोत, हे आपल्याला कधी कळलंच नव्हतं, असं बुधाजीला वाटलं. त्याने नकळत पायांतल्या वहाणा काढल्या.

बऱ्याच वेळाने खेकड्याने बोट सोडलं.

"हितलं पाणी बरं हाय. खेकडा जित्ता हाय," बाबा म्हणाले.

बुधाजीने खाली पाहिलं. पायथ्याशी त्याचं खाचर, खाचराखाली उंबर, उंबराखाली डवरा. डवऱ्यावर दोन बाया हंडे भरत होत्या.

"म्हणजे मीच…"

तो खडकावर बसून रडला. बाबांनी त्याला रडू दिलं.

"यावर मुळी कुठली, बाबा?"

बाबांनी त्याचं मनगट धरलं आणि खाली खाचराच्या कडेला आणलं. त्याचा हात धरून तिथल्या बिळात घातला.

"लागलं काय हाताला?"

"न्हाय… गार चिखल."

"नामीला वरचं पाणी ने. वाडीला सांग, डवरा बंद. का बंद, तेही तूच सांग. आन् रोज सकाळी हितं येऊन हात घाल."

"किती दिवस, बाबा?"

बाबांनी आपलं बोट धोतराला पुसलं.

"रगत येईस्तोवर."